पोटखराबा

गेल्या वर्षी गणपती बसायला चार दिवस होते. पावसानं उघडीप दिली होती आणि मी शेतावरच्या खोलीच्या पायरीवर कुर्डूची भाजी निवडत बसले होते. फाटकाशी काही हललं म्हणून वर पाहिलं, तर वाडीतलं एक नऊ-दहा वर्षांचं पोरगं बाहेर उभं. एका हातात काठीला गुंडाळलेली तंगूस, दुसऱ्या हातात च्यवनप्राशचा रिकामा डबा. डब्यात ओली माती आणि गांडुळं असणार. "काकू, मासे धरू का?" त्यानं विचारलं. मी म्हटलं, "धर की. पण डोहाच्या कडेला जपून, शेवाळ आलंय." तो आत आला आणि फाटक तसंच उघडं टाकून धावत सुटला. मी मागून ओरडले, "कडी लाव रे, शेळ्या येतील!" तो परत आला, कडी लावली आणि करंजाखालून ओढ्यात उतरला.

एवढंच घडलं.

पण त्या रात्री नाशिकला घरी आल्यावर, भांडी घासून ओटा पुसताना ते मनात परत परत येत राहिलं. आधीचे चार पावसाळे हेच पोरगं, त्याचा मोठा भाऊ, वाडीतली आणखी कितीतरी पोरं माझ्या ओढ्यावर येत होती. कुणी कधी विचारलं नव्हतं. मी दिसले तर हसायची, नाही दिसले तर आपापला गळ टाकून बसायची. फाटक बसलं त्या वर्षीच्या मे महिन्यात, आणि पहिल्याच पावसाळ्यात विचारणं सुरू झालं. हे एक. दुसरं मी नवऱ्यालाही सांगितलं नाही. "धर की" असं म्हणताना मला फार बरं वाटलं होतं. आपल्या हातून काहीतरी दिलं जातंय, असं वाटणारं ते सुख होतं. ओढा मी आणलेला नाही, मासे मी सोडलेले नाहीत. मग मी त्याला नेमकं दिलं काय?

जमीन त्र्यंबकच्या बाजूला, ब्रह्मगिरी समोर दिसतो अशी. सातबाऱ्यावर एकूण क्षेत्र ९१ आर, म्हणजे सव्वादोन एकर. त्यात लागवडीयोग्य ८० आर आणि पोटखराबा ११ आर. ज्याला आकार, म्हणजे शेतसारा नाही, ज्यात काही पिकत नाही, तो पोटखराबा. आमच्या गटात पोटखराबा म्हणजे तो ओढा आणि त्याच्या दोन्ही काठांचा खडक. मी जमीन घेतली ती त्या ११ आरांसाठी. व्यवहार करून देणारे गृहस्थ मला वरचा सपाट तुकडा दाखवत होते, इथे आंबा लागेल, इथे विहीर लागेल असं सांगत होते. मी ऐकत होते, पण कान खाली पाण्याकडे होते. वडिलांच्या सातबाऱ्यावर माझं नाव होतं म्हणूनच मला शेतजमीन घेता आली. वडील गेल्यावर हक्कसोडीच्या कागदावर मी सही केली नव्हती, तेव्हा भावाला वाईट वाटलं होतं. त्याच कागदाच्या जोरावर पुढे हा ओढा माझ्याकडे आला, याची थोडी बोचणी मनात अजून आहे.

ओढा मोठा नाही. मृगात लाल होऊन येतो, आषाढात त्याचा आवाज खोलीच्या पत्र्यावरच्या पावसाच्याही वर चढतो, श्रावण सरता सरता निवळतो. निवळला की तळाचा काळा पाषाण दिसायला लागतो. पाण्यानं गोटे गरगर फिरवून त्यात रांजणासारखे खळगे पाडलेत. एका खळग्यात हात घातला तर कोपरापर्यंत जातो आणि तळाशी गुळगुळीत गोटे लागतात, अंड्यासारखे. कडेला उंबर, जांभूळ, करंज. उंबर पिकले की पाण्यावर टपटप पडतात आणि खालून काहीतरी चपळाईनं येऊन त्यांना ढुशा देतं. दगड उचलला तर खाली खेकडा. संध्याकाळी पाण्यावरून एक वास येतो. त्यात कुजलेला पाला असतो, ओला खडक असतो आणि वरच्या भातखाचरांचा चिखलही. नाशिकच्या फ्लॅटमध्ये डोळे मिटून बसलं तरी तो वास मला आठवतो.

हे सगळं आधीही आवडतच होतं. पण ते कुंपणानं बांधून घ्यावं ही इच्छा कुठून आली, हे शोधायला मला तीन वर्षं मागं जावं लागतं.

लेक आणि जावई अमेरिकेत, कोलोरॅडोतल्या डेन्व्हरला असतात. आम्ही त्यांच्याकडे गेलो होतो तेव्हा जुलै चालू होता. जावयाच्या ऑफिसातल्या एका वडीलधाऱ्या सहकाऱ्यानं निवृत्तीनंतर डोंगरातल्या एका गावाजवळ रँच घेतली होती आणि त्यानं आम्हाला दोन दिवस बोलावलं. रँच म्हणजे गुरांच्या चराईचं मोठं रान. सलग पसारा काही कुटुंबांनी मिळून घेतलेला, प्रत्येकाच्या घरापुरते ३५ एकर स्वतंत्र, बाकी कुरण आणि नदी सामायिक. तिथे ३५ एकरांच्या खाली तुकडा पाडला की परवानग्यांचा ससेमिरा लागतो, म्हणून सगळीकडे हाच आकडा ऐकू येतो. गाव छोटं, लाकडी दुकानांचं. एका दुकानात नुसते मासेमारीचे दोरे, पिसं आणि गळ. गाव मागं पडलं आणि रस्ता कच्चा झाला तसं पहिलं फाटक आलं. जावई उतरला, फाटक उघडलं, गाडी आत गेल्यावर बंद केलं. पुढचं एक फाटक सताड उघडं होतं, ते त्यानं तसंच सोडलं. मी विचारलं तर म्हणाला, "इथला नियम आहे आई. फाटक जसं सापडेल तसंच ठेवायचं. बंद असेल तर बंद, उघडं असेल तर उघडं. गुरं कुठून कुठे जायची ते मालकानं ठरवलेलं असतं." मला ते फार आवडलं. दुसऱ्याच्या जागेत कसं वावरावं हे एवढ्या थोडक्यात सांगता येतं, असं वाटलं.

नदी म्हणायची, पण आमच्या ओढ्याहून तिप्पट रुंद असेल, इतकीच. पाणी मात्र असं, की पाहताच तहान लागावी. तळाचा एकेक दगड मोजून घ्यावा असं स्वच्छ, आणि पाय घातला तर घोट्याची हाडं दुखायला लागतात. मालक सत्तरीचे, सावकाश बोलणारे. त्यांनी मला दोरा फेकायला शिकवलं. गळाला आमिष नसतंच. पीस आणि दोरा गुंडाळून एक कीटक केलेला असतो, नखाएवढा, आणि तो पाण्यावर असा टेकवायचा की खरा कीटक उतरलाय असं माशाला वाटावं. गळाला उलटा काटा नाही, कारण मासा सोडूनच द्यायचा. तासाभरानं माझ्या दोरीला ओढ बसली. मालक धावत आले आणि पहिलं काय म्हणाले, तर हात ओले कर. कोरड्या हातानं धरलं की माशाच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघून जातो आणि मग त्याला रोग लागतो. मी हात बुडवले, ते बधिर झाले, आणि त्या बधिर तळव्यांत त्यांनी तो मासा ठेवला. रेनबो ट्राउट. पाठीवर काळे ठिपके, कुशीवरून गुलाबी पट्टा, जणू कुणी कुंकवाचं बोट ओढलंय. पकडलेली वस्तू थरथरते तसा तो थरथरत नव्हता. सबंध मासा म्हणजे एक घट्ट स्नायू होता आणि तो वाट पाहत होता. प्रवाहाकडे तोंड करून मी तळवे उघडले. क्षणभर तो तिथेच राहिला. मग नव्हता.

मी पस्तीस वर्षं ज्युनिअर कॉलेजात भौतिकशास्त्र शिकवलं. थंड पाण्यात वायू जास्त विरघळतो, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेल. समुद्रसपाटीला १० अंशांच्या गोड्या पाण्यात लिटरमागे ११ मिलिग्रॅमहून जास्त प्राणवायू मावतो, २५ अंशांना जेमतेम सव्वाआठ. पण हे पाठ करणं वेगळं आणि एखादा जीव त्या तीन मिलिग्रॅमवर तगलेला पाहणं वेगळं. मालकांच्या खिशात दोरी बांधलेला थर्मामीटर होता. दुपारी जेवणाआधी त्यांनी तो पाण्यात सोडला, बाहेर काढून डोळ्यांजवळ धरला आणि म्हणाले, ६७ फॅरनहाइट. आता आज गळ टाकायचा नाही. आमच्या मापात तो साडेएकोणीसच्या आसपास होतो. एवढ्या उबदार पाण्यात झुंजलेला ट्राउट सोडून दिला तरी नंतर दमून मरू शकतो. त्यांच्याकडे वही होती, कित्येक उन्हाळ्यांचे आकडे त्यात पेन्सिलीनं लिहिलेले. त्या माणसाचं त्या पाण्यावर प्रेम होतं. ते मी डोळ्यांनी पाहिलं आहे, आणि पुढे मी जे काही लिहिणार आहे त्यानं ते पुसलं जात नाही.

संध्याकाळी ओसरीवर बसलो तेव्हा समोरच्या डोंगराच्या धारेकडे हात करून ते म्हणाले, त्या धारेपलीकडे पडलेलं पाणी पॅसिफिकला जातं, अलीकडचं अटलांटिकच्या बाजूला. मी म्हटलं, आमच्या ब्रह्मगिरीचंही तसंच आहे. एका अंगाचा पाऊस गोदावरीतून बंगालच्या उपसागराला, दुसऱ्या अंगाचा वैतरणेतून अरबी समुद्राला. त्यांना फार आनंद झाला, परत परत नाव विचारून म्हणून पाहिलं. मग मी सहज विचारलं, ही नदी तुमची म्हणजे किती तुमची? त्यांनी मनापासून समजावून सांगितलं. कोलोरॅडोत नदीचा तळ ज्याच्या जमिनीत, त्याचा. म्हणून तळावर पाय टेकून चालत येणाऱ्याला ते मनाई करू शकतात. मासा मात्र सरकारचा, तो धरायला त्यांनाही परवाना लागतो. आणि पाणी? पाणी ज्यानं आधी वापरायला घेतलं त्याचं. खाली कुठेतरी एखाद्या शेताचा हक्क शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वीचा असतो, आणि तो आधी. लेक म्हणाली, आई, २०१६ पर्यंत तर आम्हाला छपरावरचं पावसाचं पाणी पिंपात धरायचीही बंदी होती, आता दोन पिंपं चालतात, मिळून ११० गॅलनची. जावयानं पुस्ती जोडली, की मॉन्टाना राज्यात उलट आहे. तिथे १९८५ च्या कायद्यानं नदीचं पाणी एरवी जिथवर चढतं त्या रेषेच्या आतून कुणीही चालत जाऊ शकतो, काठ कुणाचा का असेना.

म्हणजे त्या भल्या माणसाकडे नदीचा तळ होता. पाणी पुढच्यांचं, मासे राज्याचे. आणि मासे तरी मूळचे कुठले? रेनबो ट्राउट पॅसिफिकच्या बाजूच्या नद्यांमधला, ब्राउन ट्राउटची अंडी १८८३ मध्ये जर्मनीहून बोटीनं आणलेली. तिथला मूळचा कटथ्रोट ट्राउट डोंगरातल्या वरच्या ओहोळांमध्ये मागं रेटला गेला. आपल्याकडेही ट्राउट असाच आला. इंग्रजांना गळ टाकायला हवा होता म्हणून १९०० च्या सुमारास काश्मीरच्या नद्यांत सोडला, मग निलगिरीत, मुन्नारच्या डोंगरांत. मनालीच्या वाटेवर पतलीकुहलला त्याची सरकारी पैदास चालते. फार वर्षांपूर्वी त्या बाजूला आम्ही तो तळलेला खाल्ला होता, तेव्हा हे काहीच माहीत नव्हतं.

हे सगळं ऐकूनही, त्या रात्री झोपताना मला ते सारं हवंसं वाटत होतं. ती ओसरी, ते पाणी, ती शांतता. दोन दिवसांत आमच्याशिवाय एकही माणूस दिसला नव्हता, आणि ते मला त्या जागेचं मोठेपण वाटलं होतं.

परत आल्यावर पहिल्याच रविवारी मी प्रयोगशाळेतला जुना थर्मामीटर घेऊन शेतावर गेले. पाण्यात सोडला, दोन मिनिटं धरला. २४ अंश. भर पावसाळ्यात, सावलीतल्या डोहात २४. इथे ट्राउट फार काळ तगणार नाही. इथे मळ्या राहतो, मुऱ्या राहतात, कधी एखादी वाम. या उबदार, गढूळ, आटणाऱ्या पाण्याची सवय असलेले मासे. मरळ तर चिखलात तग धरतो आणि वर येऊन तोंडानं हवा घेतो. माझ्या ओढ्यात काय आहे ते मला त्या दिवशी पहिल्यांदा नीट दिसलं, हे त्या परक्या नदीचं देणं.

पण तिच्यामुळेच मला आता बाकीचंही दिसायला लागलं. शनिवार-रविवारी मोटरसायकलवरून येणारी शहरातली पोरं, मोठ्यानं लावलेली गाणी, खडकावर फोडलेल्या बाटल्या. वाडीतल्या एका बाईचा तळपाय अशाच काचेनं कापला, टाके पडले. शेळ्यांनी जांभळाची रोपं दोनदा खाल्ली. आजूबाजूला प्लॉट पडत होते, 'रिव्हर टच' लिहिलेले फलक त्र्यंबक रोडला लागले होते, आणि नवे मालक येताच आधी कुंपण घालत होते. माझ्याजवळ कारणं होती आणि ती खोटी नव्हती. आम्ही सिमेंटचे खांब आणले, काटेरी तार ओढली, लोखंडी फाटक बसवलं. खांब रोवणारा गडी ओढ्याशी येऊन थांबला. म्हणाला, "इथं खांब टिकणार नाही ताई. पयल्या पुरात वाहून जाईल. एवढं मोकळं ठेवा." म्हणून ओढ्याच्या पात्रात कुंपण नाही. तार दोन्ही काठांवर येऊन थांबते आणि मधून पाणी जातं.

सरकारी कायद्यानंही ते तसंच आहे. महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, १९६६, कलम २०. नद्या, ओढे, नाले, तळी, साचलेलं आणि वाहतं पाणी, जे जे कुणा खाजगी माणसाच्या मालकीचं ठरत नाही ते सरकारचं. तार ओढून झाल्यावर मी ते वाचलं. आधी वाचलं असतं तरी तार ओढलीच असती, असं वाटतं.

माझं आजोळ बागलाणात, मोसम नदीच्या काठाला. तिकडे फड पद्धत होती, माझ्या लहानपणी चांगली चालू होती. नदीवर बंधारा, बंधाऱ्यातून पाट, पाटावर गावाची सगळी शेती तीन-चार फडांत वाटलेली. एका फडात सगळ्यांचा ऊस, दुसऱ्यात सगळ्यांचा गहू. आजोबांची प्रत्येक फडात थोडी थोडी जमीन होती आणि तिचा त्यांना अभिमान होता. पण पाटाला ते हात लावत नसत. पाणी पाटकरी सोडणार, पाटकरीच बंद करणार. मला एक रात्र आठवते. मी आजोबांबरोबर उसाच्या बांधावर बसलेले, पायाखाली माती तापलेली, आणि लांबून कंदील हलत येतोय. पाटकरी आला, फावड्यानं दोन ढेकळं काढली आणि पाणी सरीत शिरलं. कोरडी माती पाणी पिते तेव्हा बारीक फुटल्यासारखा आवाज होतो, तो त्या अंधारात स्पष्ट ऐकू आला. आजोबा उभे राहिले, टोपी नीट केली. शेतात मालक असलेला माणूस पाण्यापुढे उभा राहिला होता. पुरेसं झाल्यावर पाटकऱ्यानं ढेकळं परत लावली आणि कंदील पुढच्या शेताकडे गेला. सुगीत त्याला धान्य पोचतं व्हायचं, गावानं ठरवलेलं. आजोबांनी "अजून थोडं राहू दे" असं म्हटलेलं मी कधी ऐकलं नाही.

मासे धरून गेला त्यानंतर मी पुन्हा शेतावर गेले तेव्हा ते पोरगं परत आलं. या वेळी हातात स्टीलचा डबा. "आयनं दिलंय." डब्यात मुऱ्यांचं कालवण, लाल तिखट रश्शात बोटाएवढे मासे, वर खुरसणीच्या तेलाचा तवंग. मी नागलीच्या भाकरीबरोबर खाल्लं. इतकं चवदार होतं की डबा बोटानं पुसून घेतला. आणि मग तो धुताना हात थांबला. चार पावसाळ्यांत कधी डबा आला नव्हता. फाटक झाल्यावर आला. तो वानोळा होता की वाटा? वानोळा माणूस प्रेमानं देतो, आपल्याकडे पिकलं ते दुसऱ्याच्या तोंडी लागावं म्हणून. वाटा मालकाचा असतो. दोन्ही एकाच स्टीलच्या डब्यातून येतात आणि चवीवरून कळत नाही. मी डब्यात गूळ-शेंगदाणे घालून परत पाठवला, रिकामा पाठवू नये म्हणून. त्यानंतर माझं मन थोडं हलकं झालं, पण पुरतं नाही.

शेताची राखण करणाऱ्या भाऊंना मी एकदा विचारलंच, पोरं आता विचारून का येऊ राहिली. ते विडी विझवत म्हणाले, "फाटक हाये ना आता. आधी कळायचं नाही तुमचं कुठून चालू व्हतं." त्यांच्या बोलण्यात तक्रार नव्हती. उलट फाटक बसल्यावर त्यांनीच त्याला दोनदा तेलपाणी केलं होतं. त्यांना ते आवडतं, राखणीला मान येतो असं म्हणतात.

या वर्षी मे महिन्यात मी पहिल्यांदा शेतावर मुक्काम केला. तोवर उन्हाळ्यात आम्ही कधी राहिलो नव्हतो, कारण ओढा तेव्हा ओढा नसतोच. पावसाळ्यात धबाधबा कोसळणारा हा मुलूख एप्रिल लागला की कोरडा ठक्क पडतो. पाणी घाटावरून उतरून गंगापूर धरणात जातं, तिथून नाशिकच्या नळांना, त्यातलं किती पुढे जायकवाडीला सोडायचं यावर कमी पावसाच्या वर्षी भांडणं होतात, आणि जिथे पाऊस पडला त्या वाडीला टँकरची वाट पाहावी लागते. पहाटे पाचला मला भांड्यांचा आवाज आला. बाहेर येऊन पाहिलं तर ओढ्याच्या पात्रातून, जिथे तार नाही तिथून, बायका आत आल्या होत्या. सात-आठ जणी. डोहाच्या तळाशी वाळूत त्यांनी झिरा उकरलेला होता आणि एक जण गुडघ्यावर बसून वाटीनं पाणी हंड्यात भरत होती. वाटी बुडवायची, पाणी निवळेपर्यंत थांबायचं, ओतायचं. हंडा भरायला किती वेळ लागतो ते मी पायरीवर बसून पाहिलं. पाऊण तास. त्यांनी मला पाहिलं. एकीनं पदर सारखा केला, दुसरी म्हणाली, "उठल्या का काकू?" विचारलं कुणीच नाही. फाटकाकडे कुणी पाहिलंही नाही.

मी त्यांना चहा करते म्हणाले. करायला पाणी घेतलं ते आम्ही नाशिकहून कॅनमधून आणलेलं होतं.

माशासाठी विचारावं लागतं आणि पिण्याच्या पाण्यासाठी नाही, हे कुणी ठरवलं असेल? वाडीत बसून कुणी ठरवलं असेल असं वाटत नाही. तरी ते सगळ्यांना माहीत आहे. मलाही माहीत होतं, कारण त्यांनी विचारलं नाही याचा मला जराही राग आला नाही, आणि त्या पोरानं एखाद्या दिवशी विचारलं नसतं तर कदाचित आला असता. हे लिहायला मला जड जातंय. मालकांची ती पेन्सिलीची वही मला आठवते, आणि वाटीनं भरणारा हंडाही. दोघांनाही पाण्याची माया आहे. एकाला त्यासाठी बाकी माणसं लांब हवी होती. मलाही हवी असतात, काही दिवशी. रविवारची ती बाटल्यावाली पोरं मला आजही नको आहेत आणि त्यासाठी मी फाटक काढणार नाही. पण फाटकाला काच फोडणारा कोण आणि गांडुळांचा डबा घेऊन येणारा कोण, हे कळत नाही. ते मला कळायला हवं आणि मी तर आठवड्यातून एकदा तिथे असते.

यंदा मृगानं वेळ पाळली. पहिला मोठा पाऊस झाला त्या रात्री आम्ही शेतावरच होतो. रात्रभर पत्रा वाजत होता आणि पहाटे त्याखालून ओढ्याचा आवाज यायला लागला, आधी कुजबुज, मग घशातून आल्यासारखा. उजाडल्यावर छत्री घेऊन खाली गेले. लाल पाणी खडकावरून उड्या घेत होतं आणि त्या पाण्यात, उलट दिशेनं, मुऱ्या चढत होत्या. चढणीचे मासे ऐकले होते, असे जवळून पाहिले नव्हते. ओल्या खडकाला पोट चिकटवून, शेपटी झटकत, बोटभर वर, निसटून दोन बोटं खाली, परत वर. पोटं अंड्यांनी फुगलेली. मी छत्री बाजूला टाकून पाण्यात हात बुडवला, तो आपोआप, आधी ओला करण्यासाठी, आणि एक मुरी माझ्या बोटांवरून चढून पुढे गेली. माझ्या मनात आलं, वाडीला सांगावं की हे आठ दिवस धरू नका, अंडी घालू द्या. लगेच हेही आलं की यांच्या कित्येक पिढ्या हेच मासे याच दिवसांत धरत आल्या आणि तरी मासे आहेत. आटवले असतील तर ते खालच्या धरणांनी, फवारण्यांनी. मी काही बोलले नाही. ते बरोबर केलं की चूक, ते मला अजून ठरवता आलेलं नाही.

वर आले तर फाटकाशी ते पोरगं उभं होतं. वर्षात हातभर वाढलंय. अंगावर युरियाच्या पोत्याची घोंगशी, खांद्यावर फाटकी मच्छरदाणी. पात्रातून, मोकळ्या जागेतून, त्याच्या वाडीतली बाकी माणसं केव्हाच आत आली होती, त्यांच्या हाका खालून ऐकू येत होत्या. हा मात्र पावसात फाटकाबाहेर थांबला होता.

"काकू, येऊ का?"

"ये. किती वेळचा उभा आहेस?"

तो नुसता हसला. कडी काढली, आत आला, मच्छरदाणी काखेत धरून वळला आणि दोन्ही हातांनी फाटक ओढून घेतलं. ओल्या लोखंडावर कडी बसत नव्हती. त्यानं फाटक थोडं उचलून धरलं, कडी बसली, बसली का ते एकदा हलवून पाहिलं, आणि मग तो खाली पळाला.